चार पदांची दंतकथा

फारिनेल्ली या अठराव्या शतकातील इटालियन गायकाविषयी आपल्याकडच्या व्याख्यानांतून आणि लेखांतून जे सांगितले जाते, ते बहुधा तीन वाक्यांत संपते. लहानपणीच वृषणच्छेद करून त्याचा आवाज मुलासारखा कोवळा राखण्यात आला. त्या आवाजाने सारा युरोप वेडा झाला. आणि मग स्पेनच्या भ्रमिष्ट राजाला तो दहा वर्षे दररोज रात्री तीच चार पदे गाऊन दाखवीत राहिला. पहिल्या वाक्याला श्रोते हळहळतात, दुसऱ्याला थक्क होतात, तिसऱ्याला मान डोलावतात, आणि वक्ते पुढच्या गायकाकडे वळतात. आमची तक्रार या तीन वाक्यांविरुद्ध आहे. पहिले खरे आहे, पण ते अर्धवट सांगितले जाते. दुसऱ्यात अतिशयोक्ती आहे. तिसरे तर ज्या अर्थाने सांगितले जाते त्या अर्थाने खोटेच आहे. आणि नेमके तेच सर्वांत आवडीने सांगितले जाते, कारण ते सर्वांत सोयीचे आहे.

सोयीचे अशासाठी की, कलावंत हा एक चमत्कार आहे असे एकदा ठरवले म्हणजे त्याने काय काम केले हे पाहण्याची जबाबदारी उरत नाही. तानसेनाने दिवे पेटवले, पाऊस पाडला, एवढे सांगितले की त्याच्या ध्रुपदांविषयी बोलावे लागत नाही. ग्वाल्हेरला त्याच्या समाधीपाशी चिंचेचा पाला चघळणाऱ्यांना आम्ही हसणार नाही. पण सुशिक्षित म्हणवणारी माणसे युरोपीय गायकाच्या बाबतीत तोच पाला चघळू लागली तर गप्प बसणेही बरे नव्हे.

त्याचे खरे नाव कार्लो ब्रोस्की. जन्म २४ जानेवारी १७०५ रोजी, नेपल्सच्या राज्यातील आंद्रिया या गावी. वडील साल्वातोरे हे संगीतकार होते, आणि काही काळ लहान गावांचा कारभारही त्यांच्याकडे होता. थोरला भाऊ रिकार्डो पुढे संगीतरचनाकार झाला. म्हणजे घराणे खाऊनपिऊन सुखी, मानमरातब असलेले. भुकेकंगाल आईबापांनी पोटासाठी पोरगा कापून घेतला, ही जी सर्वसाधारण कथा अशा गायकांविषयी सांगतात, ती येथे लागू पडत नाही, आणि आमच्या मते म्हणूनच हे प्रकरण अधिक भयंकर आहे. हे कृत्य दारिद्र्याने केलेले नव्हते. ते प्रतिष्ठेने केलेले होते. मुलगा घोड्यावरून पडला आणि इजेमुळे शस्त्रक्रिया करावी लागली, अशी सबब पुढे करण्यात आली. अशी काही ना काही सबब लागतच असे, कारण कायद्याने आणि धर्मशास्त्राने हे कृत्य निषिद्ध होते. गंमत, गंमत कसली, दांभिकपणा असा की, ज्या धर्मपीठाने ते निषिद्ध ठरवले, त्याच्याच प्रार्थनामंदिरांतून या गायकांना मानाची जागा होती. स्त्रियांनी चर्चमध्ये गाऊ नये असा दंडक. पोपच्या अमलाखालील प्रदेशांत तर त्यांना रंगभूमीवरही मज्जाव. उंच पट्टीतले स्वर मात्र सर्वांना हवे होते. मग ते मुलांकडून कायमचे वसूल करायचे.

हे सांगितले की दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. काही जण म्हणतात, तो काळच रानटी होता. काही जण म्हणतात, क्रूर खरे, पण त्यातून केवढी कला निर्माण झाली! दोन्ही पळवाटा आहेत. रानटी काळाचे म्हणाल, तर पोपच्या सिस्टीन चॅपेलमधील असा गायक आलेस्सांद्रो मोरेस्की १९०२ आणि १९०४ साली ध्वनिमुद्रिकांसाठी गायला, आणि १९२२ साली वारला. आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळी तेव्हा भरात होती. इतका तो काळ जवळचा आहे. आणि कलेचे म्हणाल, तर त्या सौद्यातला जमेचा भाग तेवढा आपण पाहतो. ज्यांच्यावर तीच शस्त्रक्रिया झाली आणि ज्यांचे आवाज पुढे साधारणच निघाले, अशा असंख्य मुलांची नावे संगीताच्या कोणत्याही इतिहासात नाहीत. एका फारिनेल्लीच्या कीर्तीने त्या सर्वांचा हिशेब चुकता होतो असे मानणाऱ्यांनी निदान ते मोठ्याने म्हणून दाखवावे.

गंधर्व नाटक मंडळीचे नाव निघालेच आहे, तर एका तुलनेचाही निकाल लावून टाकू. फारिनेल्लीला ‘इटलीचा बालगंधर्व’ म्हणण्याचा मोह मराठी माणसाला हमखास होतो. स्त्रियांना रंगभूमी बंद, म्हणून पुरुष स्त्रीभूमिका करतो, एवढे साम्य दिसते खरे. पण नारायणराव राजहंस खेळ संपल्यावर शालू उतरवून ठेवत. फारिनेल्लीचा आवाज हा उतरवून ठेवण्याचा वेश नव्हता. दुसरे असे की, त्याच्या आवाजाचा संबंध स्त्रीत्वाशी जोडणे हीच मुळात गफलत आहे. उमेदवारीच्या काळात, विशेषतः रोममध्ये, अशा गायकांना स्त्रीभूमिका कराव्या लागत. परंतु त्या काळच्या गंभीर ऑपेरात त्यांचा खरा मान नायकाचा. सिकंदर, सीझर, सेनापती, राजपुत्र हे सर्व उंच पट्टीत गात. ‘आर्तासेर्से’मध्ये फारिनेल्लीची भूमिका होती आर्बाचेची, खोट्या आरोपाखाली सापडलेल्या निष्ठावंत मित्राची. उंच स्वर म्हणजे नाजूकपणा हे आपल्या कानांवरचे नंतरचे संस्कार आहेत. अठराव्या शतकातल्या श्रोत्याला तो पराक्रमाचा स्वर वाटे. एवढे लक्षात घेतल्याशिवाय त्या गायकीविषयी बोलणे म्हणजे पोवाड्याला अंगाईगीत समजण्यासारखे आहे.

आता शिक्षणाकडे वळू, कारण दंतकथांत शिक्षणाला जागाच नसते. नेपल्समध्ये निकोला पोर्पोरा या विख्यात गुरूने त्याला तयार केले. १७२० साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, पोर्पोराच्याच ‘आंजेलिका ए मेदोरो’ या रचनेत त्याने मेंढपाळाची लहानशी भूमिका गायली. त्या रचनेचे काव्य लिहिणारा तरुणही नवखाच होता: पिएत्रो मेतास्तासियो, जो पुढे व्हिएन्नाचा राजकवी आणि शतकभर गाजलेल्या ऑपेरा-काव्यांचा कर्ता झाला. दोघांचा प्रवेश एकाच दिवशी एकाच रंगमंचावर झाला म्हणून आयुष्यभर ते एकमेकांना पत्रांतून ‘जुळा भाऊ’ असे संबोधीत राहिले. एक व्हिएन्नाला, दुसरा माद्रिदला, आणि मधून पत्रे वाहताहेत, असा हा साठ वर्षांहून अधिक काळाचा स्नेह. त्याच्यावर एखादा चित्रपट निघाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पुढच्या दहा-बारा वर्षांची कीर्ती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. १७२२ साली रोममध्ये ट्रम्पेटवादकाशी त्याची जुगलबंदी झाली आणि दम टिकवण्यात वादक हरला, ही कथा इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी याने नोंदवली आहे. योहान क्वांट्स या जर्मन बासरीवादकाने १७२६ च्या सुमारास त्याला ऐकले आणि आवाजाची भरदार समतोल जात, सुरांची शुद्धता, कंपस्वर, विलक्षण दमसास आणि गळ्याची चपळाई यांची साक्ष दिली. अभिनय मात्र त्याच्या मनात फारसा नसे, हेही त्याने स्पष्ट लिहिले. ही साक्ष आम्हांला मोलाची वाटते ती त्या शेवटच्या वाक्यामुळे. जाणकार माणूस उणीवही सांगतो. दंतकथा कधी सांगत नाही. व्हिएन्नाच्या भेटीत सम्राट सहाव्या चार्ल्सने त्याला सुनावले की, तुझ्या प्रचंड झेपांनी तू केवळ थक्क करतोस, आता सुख द्यायला शीक, साध्या मार्गाने चाल. सल्ला राजाचा होता म्हणून नव्हे, तर तो पटला म्हणून त्याने आपली गायकी बदलली, आणि म्हातारपणी हे स्वतःच्या तोंडाने बर्नीला सांगितले. कीर्तीच्या शिखरावर असताना आपल्या गायकीत बदल करणारे गायक आपल्याला किती ठाऊक आहेत?

‘सारा युरोप वेडा झाला’ या वाक्याची परीक्षा लंडनमध्ये होते. १७३४ च्या शरदात, हॅंडेलच्या मंडळीशी स्पर्धा करण्यासाठी सरदार-उमरावांनी काढलेल्या ऑपेरा मंडळीत तो दाखल झाला. २९ ऑक्टोबर रोजी ‘आर्तासेर्से’चा खेळ झाला. त्यात रिकार्डोने भावासाठी रचलेल्या एका पदाचा पहिलाच स्वर तो हळुवार उचलून, वाढवत नेऊन, पुन्हा कमी करत आणी, तेव्हा टाळ्या थांबत नसत. एका बाईने तर देव एकच आणि फारिनेल्लीही एकच, असे ओरडून सांगितले, आणि विल्यम होगार्थने १७३५ च्या आपल्या चित्रमालिकेत त्या वेडाची यथेच्छ टवाळी केली. पण ती वर्षे तीनच. तिसऱ्या हंगामापर्यंत गर्दी ओसरली होती. कॉली सिबर या नटाने नोंदवून ठेवले आहे की, फारिनेल्लीसारख्यालाही अवघ्या पस्तीस पौंडांच्या गल्ल्यापुढे गावे लागले. गाणारा तोच, आवाज तोच. शहराला नवे काही हवे होते. वेड हे वेडच असते. त्याच्यावरून गायकाची थोरवी मोजणाऱ्यांनी तो पस्तीस पौंडांचा आकडाही सोबत सांगत जावा.

१७३७ सालच्या उन्हाळ्यात तो फ्रान्समार्गे स्पेनला गेला. (त्याच वर्षाच्या मार्चमध्ये बाजीरावांची घोडी दिल्लीच्या वेशीपर्यंत पोहोचली होती, म्हणजे काळ नेमका डोळ्यांपुढे येईल.) राजा पाचवा फिलिप गंभीर मानसिक व्याधीने ग्रासलेला होता. दिवस-रात्रीची उलथापालथ झालेली, अंगाची स्वच्छता सोडलेली, राज्यकारभारात मन नाही. राणी इसाबेल फार्नेसे ही मूळची पार्माची. या गायकाच्या आवाजाने राजाचे चित्त ठिकाणावर येईल, अशी तिला आशा वाटली. त्याच ऑगस्टमध्ये फर्मान निघून फारिनेल्ली राजाचा खास सेवक झाला. केवळ राजा-राणीला जबाबदार, अन्य कोणाला नाही. लंडनला परतण्याचा करार मोडला, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्याने सार्वजनिक रंगभूमी कायमची सोडली.

येथून चार पदांची दंतकथा सुरू होते. तिचा उगम बर्नीपाशी आहे. १७७० साली बोलोन्याला जाऊन बर्नी त्याला भेटला. तेव्हा पासष्टीच्या त्या गायकाने सांगितले की, फिलिपच्या हयातीत आपण रोज रात्री तीच चार पदे गात होतो. बर्नीने त्यांतील हास्सेची दोन पदे नावानिशी दिली आहेत. उरलेली आपल्या स्मरणात नाहीत, पण त्यांत एक मिन्युएट होता आणि तो फारिनेल्ली मनास येईल तसा बदलून गाई, असे त्याने लिहिले आहे. दंतकथा सांगणारे या वाक्याचा उत्तरार्ध गाळतात, आणि सारा विपर्यास तेथेच होतो. त्या काळच्या ऑपेरा-पदाचा घाट असा असे: पहिला भाग, दुसरा भाग, आणि मग पहिल्याकडे परत, आणि परत येताना गायकाने तो आपल्या अलंकारांनी नव्याने मांडायचा. लिहिलेले गाऊन दाखवणे हे काम नव्हतेच. लिहिलेल्यातून काढून दाखवणे हे काम होते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या ख्याल ऐकला गेला आहे, त्यांना हे समजावून सांगायची गरज पडावी याचेच आम्हांला नवल वाटते. अस्ताई-अंतरा ठरलेला, राग ठरलेला, म्हणून कोणी बुवा रोज तेच गातात असे आपण कधी म्हणतो काय? युरोपातल्या पुढील शतकांना छापील संगीतलिपीची सवय झाली, आणि ‘तीच पदे’ म्हणजे त्यांना ‘तेच गाणे’ वाटू लागले. मराठी रसिकाने तरी ही चूक उसनी घेऊ नये.

शिवाय म्हातारपणीची आठवण ही एक गोष्ट आणि त्या दिवसांतच लिहिलेले पत्र ही दुसरी. बोलोन्यातील सिचिनिओ पेपोली या उमरावाला फारिनेल्लीने लिहिलेली पत्रे छापून प्रसिद्ध झाली आहेत. १७३८ सालच्या एका पत्रात तो सांगतो की, आल्या दिवसापासून तोच क्रम चालू आहे, रोज रात्री राजा-राणीच्या पायांशी आठ-नऊ पदे होतात, विश्रांती म्हणून नाही. देवाने प्रकृती धड ठेवावी एवढेच मागणे आहे. चार पदे नव्हेत, आठ-नऊ. दंतकथेतल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा हा स्वर नाही. हा थकलेल्या, पण आपले काम ओळखणाऱ्या नोकरदाराचा स्वर आहे. ज्यांच्या पूर्वजांनी गायकवाडांच्या, होळकरांच्या, शिंद्यांच्या पदरी चाकरी केली आणि घरी पत्रे लिहिली, त्यांना तो ओळखू यायला हरकत नाही.

आणि राजा बरा झाला, हे तरी खरे काय? इंग्रज वकील बेंजामिन कीन १७३८ साली आपल्या सरकारला कळवतो की, राजा गायकाची नक्कल करतो, गाणे संपल्यावर असा काही आरडाओरडा करतो की, तो कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून दरबारी मंडळींना धडपडावे लागते. याला बरे होणे म्हणत नाहीत. फिलिप ९ जुलै १७४६ रोजी वारला तोवर तो आजारीच होता. संगीताने त्याला काही घटका निवांत मिळाल्या असतील. तेवढ्याही थोड्या नव्हेत. परंतु ‘सुरांनी वेड घालवले’ हे वाक्य ज्यांना प्रिय आहे, त्यांना ना त्या रोग्याची कदर आहे ना गायकाची. त्यांना फक्त औषधाच्या बाटलीवर चिकटवायला चिठ्ठी हवी आहे.

आता एक आक्षेप उलट बाजूने येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. काही प्रगतिशील मंडळी म्हणतात की, भर तारुण्यात या माणसाने आपली कला हजारो श्रोत्यांकडून काढून घेऊन एका राजाच्या शयनगृहात कोंडली. ही दरबारी लाचारी आहे. या आक्षेपाला आम्ही उडवून लावणार नाही. दरबार म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना पुस्तकांतून शिकावे लागलेले नाही. त्याचे देणे आणि त्याचे अपमान दोन्ही आपल्या माहितीचे आहेत. पण हा आक्षेप १७४६ पर्यंतच पाहतो. फारिनेल्लीचे खरे कर्तृत्व त्यानंतर सुरू होते, आणि ते गळ्याचे नव्हते.

नवा राजा सहावा फर्डिनांड आणि त्याची पोर्तुगीज राणी बार्बरा हे दोघेही संगीताचे भोक्ते. राणी स्वतः उत्तम हार्प्सिकॉर्ड वाजवी. तिचा गुरू दोमेनिको स्कार्लात्ती दरबारातच होता. या दोघांनी माद्रिदच्या बुएन रेतीरो राजवाड्यातील नाट्यगृह आणि अरान्हुएथच्या वसंतकालीन मुक्कामातील संगीत फारिनेल्लीकडे सोपवले. पुढची बारा-तेरा वर्षे त्याने युरोपातील उत्तम ऑपेरा मंडळ्यांच्या तोडीचे एक नाट्यगृह चालवून दाखवले. मेतास्तासियोकडून काव्ये मागवली आणि माद्रिदच्या मानाने ती बेतून घेतली. जोआक्किनो कोंती, आंतोन राफ यांच्यासारखे गायक आणले. राफ म्हणजे तोच, ज्याच्यासाठी पुढे १७८१ साली मोझार्टने ‘इदोमेनेओ’ची नायकभूमिका लिहिली. याकोपो आमिगोनीसारखा चित्रकार रंगमंचासाठी राबला. अरान्हुएथला ताहो नदीवर शृंगारलेल्या नौकांचा ताफा निघे, आणि त्यात राजा-राणींसह संगीत चाले. या सर्वाचा गोषवारा त्याने १७५८ साली एका सचित्र हस्तलिखितात स्वतः नोंदवून राजाला सादर केला: नाट्यगृहाची व्यवस्था, कोणाचे काम काय, कोणास काय द्यायचे, खेळ कसे उभे राहतात, नौकांचा ताफा कसा चालतो. त्याची एक प्रत आजही बोलोन्यातील स्पॅनिश विद्यालयात आहे.

आमचा मुद्दा या हस्तलिखितावर उभा आहे. जगभर ज्याच्या गळ्याचे गोडवे गायले गेले, तो माणूस स्वतःविषयी ग्रंथ लिहायला बसला तेव्हा त्याने आपल्या तानांविषयी लिहिले नाही. त्याने आपल्या माणसांच्या कामाचा आणि मोबदल्याचा हिशेब लिहिला. पुढच्या कारभाऱ्याला उपयोगी पडावे असे लिहिले. बडोद्यात १८८६ साली गायनशाळा निघाली तेव्हा मौलाबख्शांना जे कळले होते, की गवयाच्या मागे काही व्यवस्था उरली पाहिजे, ते या माणसाला सव्वाशे वर्षे आधी कळले होते. १७५० साली त्याला कालात्रावाच्या सरदारपंथाचा क्रूस मिळाला, आणि आमचे व्याख्याते तो सांगायला विसरत नाहीत. पण क्रूस कशासाठी मिळाला हे विचारले तर त्यांच्यापाशी पुन्हा चार पदेच असतात.

१९९४ सालच्या चित्रपटाविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण सध्याच्या बहुतेक कथांचे मूळ तेथे आहे. जेरार कोर्बियोच्या या चित्रपटात रिकार्डोच भावाच्या अवस्थेला जबाबदार ठरतो, दोघे भाऊ स्त्रियाही वाटून घेतात, आणि हॅंडेल गाणे ऐकून कोसळतो. चित्रपटाला कल्पनेचा अधिकार आहे. आम्ही तो नाकारीत नाही. त्यातील आवाजाचा प्रयोगही आम्ही कुतूहलाने पाहिला: एक पुरुष गायक आणि एक स्त्री गायिका यांचे आवाज संगणकाने सांधून एक नवा आवाज बनवला होता. यंत्राने केलेला तो एक सुरेख तर्क आहे. फारिनेल्लीचा आवाज तो नव्हे, आणि फारिनेल्लीचे चरित्रही ते नव्हे. चित्रपटात वाया गेलेला भाऊ म्हणून दिसणारा रिकार्डो प्रत्यक्षात १७५६ साली माद्रिदमध्ये, धाकट्या भावाच्या आश्रयाला असताना वारला. त्या साध्या, घरगुती गोष्टीत चित्रपटाला रस वाटला नाही याचे आम्हांला आश्चर्य नाही. चित्रपट पाहून आलेल्या आपल्या लेखकांनाही वाटू नये, याचे मात्र आहे.

राणी बार्बरा १७५८ साली गेली. मृत्युपत्रात तिने आपले संगीतग्रंथ आणि तीन उत्तम हार्प्सिकॉर्ड फारिनेल्लीच्या नावे केले. पुढच्या वर्षी फर्डिनांडही गेला. नव्या राजाला, तिसऱ्या चार्ल्सला, संगीताचे प्रेम नव्हते. त्याने वेतन चालू ठेवले आणि माणसाला जायला सांगितले. त्या प्रसंगी राजाने केलेला म्हणून एक ग्राम्य विनोदही प्रसिद्ध आहे, तो आम्ही येथे देत नाही. ज्यांना असले विनोद हवे असतात त्यांना ते सापडतातच. बावीस वर्षांच्या चाकरीनंतर तो परतला, तोही जन्मभूमीकडे नव्हे. १७३२ सालीच त्याला बोलोन्याचे नागरिकत्व मिळाले होते आणि शहराच्या वेशीबाहेर त्याने जमीन घेऊन ठेवली होती. तेथे बांधलेल्या घरात तो उरलेली वीस-एकवीस वर्षे राहिला. नेपल्सचा मुलूख, स्पेनची चाकरी, बोलोन्याचे घर. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्यांना या क्रमात काही विचित्र वाटणार नाही. ग्लुक, तरुण मोझार्ट, बर्नी असे पुष्कळ जण त्याला भेटून गेले. बर्नीने पाहिले तेव्हा त्याने गाणे सोडलेले होते. हार्प्सिकॉर्ड आणि व्हियोला दामोरे तो वाजवीत असे. १७८२ च्या एप्रिलमध्ये व्हिएन्नाला मेतास्तासियो वारला, आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्याचा जुळा भाऊ.

२००६ साली संशोधकांनी बोलोन्याच्या दफनभूमीतून त्याचे अवशेष उकरून काढले, आणि हाडांची लांबी, कवटीच्या आतील बाजूस कपाळाच्या हाडाला आलेली जाडी, अशी लहानपणच्या शस्त्रक्रियेची लक्षणे तपासली. विज्ञानाला ते प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, आणि मिळालेली माहिती उपयोगीही आहे. पण त्याच्यामागे उरलेल्या वस्तूंतील कोणती आधी पाहावी असे आम्हांला विचाराल, तर आम्ही व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयाकडे बोट दाखवू. राणी बार्बरासाठी उतरवून घेतलेल्या स्कार्लात्तीच्या हार्प्सिकॉर्ड-रचनांचे पंधरा खंड तेथे आहेत. स्कार्लात्तीने आपल्या हयातीत छापलेल्या रचना मोजक्याच, आणि त्याच्या हस्ताक्षरातील मूळ प्रती उरलेल्या नाहीत. राणीच्या मृत्युपत्राने ते खंड फारिनेल्लीकडे आले, माद्रिदहून बोलोन्याला त्याच्या सामानातून गेले, त्याच्या घरात दोन दशके जपले गेले, आणि त्याच्या पश्चात १८३५ साली व्हेनिसला पोहोचले.